तीन नंबरची माती

पार्मा, ४ मे

नाही बाबा, आत नव्हता. आणि आता हे मी एकटाच बोंबलत नाहीये, पुस्तकात छापून आलंय. पान एकशे बारा. गास्पारने स्वतः लिहिलंय, तुमच्या लाडक्या गास्पार ओर्दोकीने. आता त्यालाही सांगा, "आत होता" म्हणून.

फोन केला की तुम्ही "हं" म्हणता आणि तुमच्या लेकीच्या, ग्लादिसच्या हातात देता. पैसे पाठवले की महिन्याभरात तेच पैसे परत माझ्या खात्यात. म्हणून कागदावर लिहितोय. कागद तुम्ही फेकत नाही, मला माहीत आहे. सामन्यांचे जुने तक्तेसुद्धा तुम्ही पाठकोरे म्हणून जपून ठेवता.

मी कुठे आहे ते ग्लादिसने सांगितलं असेल. रॅकेटला तारा भरायचं काम करतो, तुल्लिओ नावाच्या माणसाबरोबर. त्याची व्हॅन आहे. जिथे स्पर्धा तिथे आम्ही. सकाळी पोरांच्या रॅकेटी येतात, दुपारपर्यंत परत द्यायच्या. एका रॅकेटला वीस मिनिटं. तुल्लिओ म्हणतो, "तुझे हात सोन्याचे आहेत, पण बुडाखाली निखारा आहे." खरंय. सफरचंदं तोडली, बोटीवर भांडी घासली, दोन महिने फरशा बसवल्या. कुठेच टिकलो नाही. इथे दोन वर्षं झाली, कारण इथे जागाच दर आठवड्याला बदलते.

तर पुस्तक. पार्माच्या स्टेशनावर दिसलं, मुखपृष्ठावर काड्याचा चेहरा. (बाहेरचं जग त्याला गास्पार म्हणतं, मला अजून काड्याच सुचतं. चौदाव्या वर्षी कसा होता आठवा, टाचणीला टोपी घातल्यासारखा.) मला वाचायला वेळ लागतो. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाला तीनशे पानं म्हणजे डोंगर. अर्धं पुस्तक तो सकाळी काय खातो आणि कुठल्या पायात आधी मोजा घालतो याचं आहे. पण एकशे बारावर आपलं गाव आलं. आरोयो पार्दो. आपला क्लब. तीन नंबरचं कोर्ट. मी उभाच राहिलो.

तुम्हाला सोयीचं तेवढं विसरायची सवय आहे, म्हणून आठवण करून देतो. प्रांताची अंतिम लढत. जिंकेल त्याला बुएनोस आयरेसच्या अकादमीत जागा, राहणं-खाणं-शाळा सगळं फुकट. तिसरा सेट, पाच-चार मी पुढे, आणि शेवटचा एक गुण हवा. काड्याने मारलेला चेंडू मागच्या रेषेपाशी पडला. मी बोट वर केलं, "बाहेर!" रॅकेटने मातीतल्या ठशाभोवती गोल काढला. दोन बोटं बाहेर. पंच नव्हते, पोरांच्या सामन्याला कोण देतो पंच? काड्या ओरडला, "आत होता!" आणि त्याचा बाप, डॉक्टर ओर्दोकी, क्लबचे अध्यक्ष, खुर्चीतून गरजले, "अन्सेल्मोला बोलवा!" ठशाचा वाद झाला की कोर्टवाल्याला बोलवायचं, ही आपल्याकडची रीतच. तुम्ही दोन नंबरला पाणी मारत होता. पाइप हातात तसाच घेऊन आलात. पाहिलंत. आणि म्हणालात, "आत."

माझे बाबा. माझ्या विरुद्ध. सगळ्या गावासमोर.

आता ऐका तो काय लिहितो. शब्द न् शब्द उतरवतोय:

"ठसा बाहेर होता. जाळी ओलांडायची नसते, म्हणून मी जाळीपाशी उभा राहून पाहिला, पण स्पष्ट दिसत होतं. कोर्टवाला माझ्या वडिलांच्या पगारावर होता. तो म्हणाला, आत. मी गप्प बसलो. माझा नव्हता तो चेंडू घेऊन मी जिंकलो. माझ्या यशाचं रहस्य विचारतात ना, ते हे आहे. त्यानंतरचा प्रत्येक चेंडू मी त्या एका चेंडूच्या बदल्यात मारला. समोरचा मुलगा माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. त्याला भीती नव्हती. मला होती."

वाचलंत? तुमचं नाव नाही घातलं, पण आरोयो पार्दोत कोर्टवाले किती जण होते?

पानाचा फोटो क्लबच्या पोरांच्या ग्रुपवर टाकलाय. बेतोलाही पाठवलाय, म्हणजे कँटीनमध्ये एकजण वाचायचा राहणार नाही. बारा वर्षं मी हरलेला चिडखोर पोरगा होतो. आता तरी म्हणा.

फाबियान


बोलोन्या, १९ मे

बाबा,

ग्लादिसचा निरोप आला. चार वेळा ऐकला. रडत नव्हती, पण नाक ओढत होती, आणि ती नाक ओढायला लागली की मी लहानपणापासून हरतो.

सांगत होती, टीव्हीवाले आले होते. पोरीने तुमच्या तोंडापुढे माईक धरला, "सेन्योर अन्सेल्मो, पुस्तकात लिहिलंय ते खरं का?" तुम्ही म्हणालात, "आत होता." ती म्हणाली, "मग चॅम्पियन खोटं बोलतो?" तुम्ही म्हणालात, "तो लांब होता." आणि झाडू घेऊन रेषा साफ करायला निघून गेलात. ग्लादिस म्हणते, तेवढंच दाखवलं, तुमची पाठ आणि झाडू.

मग कँटीनमध्ये बेतो. त्याचं तोंड म्हणजे गटाराला झाकण नाही. "सेन्योर अन्सेल्मो, डॉक्टरांनी एका चेंडूचे किती दिले हो? माझाही नातू खेळायला लागलाय, भाव सांगून ठेवा." सगळे हसले म्हणे. तुम्ही येर्बाच्या चहाचा पेला खाली ठेवलात, तोंडसुद्धा न लावता. बाहेर गेलात. दोन नंबरला अर्धंच पाणी मारून झालं होतं, ते पुरं मारलंत. पाइप गुंडाळलात. मग ऑफिसात जाऊन किल्ली खिळ्याला अडकवलीत आणि घरी आलात. एकतीस वर्षांची किल्ली.

आता घरात बसता. भिंतीकडे तोंड करून. ग्लादिस म्हणते, कोर्ट दिसू नये म्हणून तुम्ही खुर्ची फिरवली आहे.

डिसेंबरात त्या तीन नंबरला काड्याचं नाव देणार आहेत, तो येणार आहे, आणि कमिटीच्या पोराने तुम्हाला येऊन सांगितलं, "सेन्योर अन्सेल्मो, त्या दिवशी तुम्ही घरीच राहिलात तर बरं, उगाच पाहुण्यांना अवघड व्हायला नको."

हे मी मागितलं नव्हतं.

मागितलं असेनही. बारा वर्षं मनात हेच चित्र रंगवलं होतं, की एक दिवस सगळे तुम्हाला हसतील आणि मला म्हणतील, पोरगा बरोबर होता. ते झालं. मला बरं वाटायला पाहिजे होतं ना? काल एका रॅकेटची तार ओढताना तुटली. तारा ओढताना कधी तुटत नाहीत माझ्या. तुल्लिओ म्हणाला, "आज निखारा हातात आलाय वाटतं."

काम करताना तुमचं शिकवलेलं डोक्यात येत राहतं, मला नको असताना. माती सपाट करायची जाळी ओढायची ती कडेपासून मधे, गोल गोल, घाई नाही. पाणी मारायचं ते दुपारची झोप काढून उठल्यावर, उन्हं तिरपी झाली की. नवा ठसा गडद असतो, कारण खालची ओल वर येते. जुन्या ठशावर धूळ बसते, त्याच्या कडा मऊ होतात. आणि रेषेला चाटून गेलेला चेंडू अर्धाच ठसा ठेवतो, कारण रेषेच्या पट्टीवर काही उमटत नाही. मी सात वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही मला उकिडवं बसवून दाखवायचात. "नीट बघ. माती खोटं बोलत नाही, बघणारा बोलतो."

ते असू दे.

किल्ली परत घ्या. बेतोचं मनावर घेऊ नका. त्याच्या नातवाला मी पाहिलंय, त्याला चेंडू विकत दिला तरी परतवता यायचा नाही.

फाबियान


तोरिनो, २ जून

बाबा,

तुमचं उत्तर नाही. असणारच नव्हतं.

आज सकाळी काड्या आला.

मी मशीनवर होतो. तुल्लिओने पडदा सरकवला आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू पोप कॉफी मागायला आलाय. मागे काड्या, सहा रॅकेटी काखोटीला. खरं तर त्याचा माणूस आणतो रॅकेटी. हा स्वतः आला होता.

"फाबियान बियेल," म्हणाला. "मला सांगितलं होतं तू इथे आहेस म्हणून. मी खोटं समजलो. तू आणि एका जागी?"

"जागा हलते, मी नाही," मी म्हणालो. "किती ताण हवा?"

"चोवीस किलो. तू भरणार असशील तर साडेतेवीस. तू नेहमी घट्ट ओढतोस."

"तू माझ्या हातची रॅकेट कधी वापरलीस?"

"तेराव्या वर्षी. तुझ्या बाबांच्या शेडमध्ये. आठवत नाही? तू माझ्या रॅकेटला मासे पकडायचा दोरा भरला होतास."

आठवलं. हसू आलं. हसायचं नाही असं ठरवलं होतं.

तो खोक्यावर बसला. तुल्लिओ बाहेर गेला, जाताना मला डोळे वटारून, म्हणजे 'नीट वाग'. काड्या बराच वेळ माझे हात बघत बसला. मग म्हणाला, "वाचलंस?"

"एकशे बारापर्यंत."

"पुढे वाच. पुढे चांगलं आहे."

"माझं एकशे बारालाच संपलं."

 बाबा, चॅम्पियन जवळून बघितला की फार काही नसतो. नखं कुरतडलेली. गुडघ्याला पट्टी. म्हणाला, "मला वाटलं तुला बरं वाटेल. बारा वर्षांनी का होईना कुणीतरी खरं बोललं म्हणून. माझे वडील गेले, आता बोलायला मोकळा झालो." मग म्हणाला, "तुला एक सांगू? मी सामन्याआधी देवाचं नाव घेत नाही. तो गोल आठवतो. तू रॅकेटने काढलेला. स्वतःला सांगतो, तुझ्याकडे चोरीचा माल आहे, चल, पळ. दुसऱ्यांना झोप लागते, मी सराव करतो. लोक याला जिद्द म्हणतात. पुस्तक छापणाऱ्या बाईने तर 'विजेत्याची मनोवृत्ती' असं नाव दिलंय त्या प्रकरणाला." आणि हसला, पण तोंडाने नाही, नाकाने.

मी विचारलं, "आणि माझ्या बाबांचं काय? ते भिंतीकडे तोंड करून बसलेत."

त्याला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी तर नावसुद्धा घातलं नाही..."

"आरोयो पार्दोत नाव लागतं का?"

"मग मी काय करू? खोटं लिहू?"

मी तोंड उघडलं होतं, बाबा. अगदी जिभेवर आलं होतं. पण उद्या त्याचा सामना आहे. आणि त्या गोलाच्या जोरावर तो उभा आहे, हे मला त्या क्षणी कळलं. तो काढून घेतला तर हा कशावर धावेल? असं मी स्वतःला सांगितलं.

खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटली.

रॅकेटी दिल्या. साडेतेवीस. त्याने तळहातावर आपटून आवाज ऐकला आणि म्हणाला, "तुझ्या बाबांना लिहितोस का?"

मी म्हणालो, "लिहितो."

ते खोटं नव्हतं.

फाबियान


तोरिनो, ३ जून

बाबा,

कालचं पत्र टाकलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात येतील. आज सकाळपासून तीन कागद फाडले. तुल्लिओला सांगितलं पोट दुखतंय. तो म्हणाला, "पोट की निखारा?" आणि खोली सोडून गेला. चांगला माणूस आहे.

आत होता.

हे दोन शब्द लिहायला मला बारा वर्षं लागली.

मी गोल काढला तो आधीच्या गुणाचा ठसा होता. त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. मी सात वर्षांचा असताना तुम्ही शिकवलं होतं, त्यामुळे मला कळत होतं. खरा ठसा एक वीत उजवीकडे होता. अर्धा. रेषेला चाटून गेलेला. गडद. तो मला चेंडू पडतानाच दिसला होता, आणि बोट आधी वर गेलं होतं. एकदा बोट वर गेलं की ते खाली कसं आणायचं, बाबा? डॉक्टर खुर्चीतून उठलेले, कुंपणाला सगळं गाव, आणि मला डोळ्यापुढे अकादमीची खाट दिसत होती, स्वतःची, ग्लादिसचे पाय न लागणारी. मी उजवा पाय उचलला आणि त्या ठशावर ठेवला.

काड्या लिहितो, मला भीती नव्हती. इतका घाबरलो होतो की बुटातला अंगठा मुडपला होता.

तुम्ही आलात. पाइपमधून पाणी ठिबकत होतं, तुमच्या कापडी बुटांवर लाल चिखल. गोलाकडे तुम्ही पाहिलंच नाही. एकदाही नाही. तुम्ही माझ्या बुटाकडे पाहिलंत. मग माझ्या तोंडाकडे. किती वेळ, सांगता येत नाही.

"पाय उचल" एवढं म्हणाला असतात तर झालं असतं. सगळ्यांना दिसलं असतं, की अन्सेल्मोची नजर पक्की आहे आणि अन्सेल्मोचा पोरगा चोर आहे. तुम्ही म्हणाला नाहीत. "आत," म्हणालात, आणि वळलात, आणि लोकांना वाटायचं ते वाटू दिलंत. डॉक्टरांचा मिंधा. पगाराला घाबरला. पोटच्या पोराला विकलं.

शेवटचं वाक्य माझं. त्या दिवशी घरी मी ओरडलो ते. तुम्ही टेबलाशी बसून पाव कापत होता. वर बघितलं नाहीत. "आत होता," म्हणालात, आणि मोठा तुकडा माझ्या ताटात टाकलात.

मी तुमच्यावर चिडलो होतो कारण तुम्ही बघितलंत. बाकी काही नाही. जगात एकच माणूस होता ज्याला माहीत होतं, आणि तोच रोज संध्याकाळी समोर बसून सूप प्यायचा. म्हणून घर सोडलं. म्हणून सफरचंदं आणि बोट आणि फरशा. लांब गेलो की तुमची नजर लागणार नाही असं वाटायचं. पण रस्त्याने चालताना अजून माझा उजवा पाय जड पडतो. तुल्लिओ विचारतो, लंगडतोस का? मी सांगतो, जुनी दुखापत.

काड्या चेंडूमागे धावत सुटला, मी त्याच्या ठशावर पाय देऊन उभा राहिलो. तो पुढे गेला यात नवल काय?

सोबत दुसरा कागद आहे. त्यावर फक्त काय झालं ते लिहिलंय, खाली सही. ग्लादिसला सांगा, कँटीनच्या फळ्यावर लावायला, जिथे सामन्यांचे तक्ते लागतात. बेतोच्या डोळ्यासमोर.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. तुम्ही ते कधी शिकवलं नाहीत, कारण तुम्हाला ती मागावी लागली नाही.

तुमचा
फाबियान


मिलानो, ११ जुलै

बाबा,

आधी काड्याचं सांगतो, कारण तुमच्या पत्राबद्दल लिहायला घेतलं तर पुढे काही लिहिता येणार नाही.

त्याचा सामना संपेपर्यंत थांबलो. तो जिंकला. टॉवेल खांद्यावर टाकून रॅकेटी द्यायला आला. मी मशीन बंद केलं आणि उभ्यानेच सांगितलं, बूट, ठसा, सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला,

"म्हणजे मी मारला तो... आत होता?"

"होता."

"माझा होता?"

"तुझाच. छान मारला होतास, चोरा."

"मी चोर? मी? बारा वर्षं, हरामखोरा! बारा वर्षं मी झोपलो नाही!" त्याने टॉवेल माझ्या तोंडावर फेकला. मग तोच टॉवेल उचलून स्वतःचं तोंड त्यात घातलं आणि खोक्यावर बसला. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते मला कळेना. तुल्लिओ पडद्यातून डोकावला आणि तसाच मागे गेला.

मग टॉवेलमधून आवाज आला, "मग मी धावलो कशासाठी?"

मी म्हणालो, "मला काय माहीत? आवडत असेल."

"आवडत असेल," तो म्हणाला, जणू कुणी त्याला नवीन फळ चाखायला दिलंय.

दुसऱ्या दिवशी हरला. सरळ दोन सेट, तासाभरात. वर्तमानपत्रात आलं, ओर्दोकीचं लक्ष नव्हतं. मी कुंपणापाशी होतो. लक्ष होतं, बाबा. चेंडू बाहेर गेला की तो वाकून ठसा बघायचा, आरामात, पोरं किडा बघतात तसा. सामना संपल्यावर कामगार जाळी घेऊन आला, तर याने त्याच्या हातून घेतली आणि स्वतः ओढली. कडेपासून मधे, गोल गोल. लोकांना वाटलं, फोटोसाठी. मला माहीत होतं ते कुठलं आहे.

पुढच्या आवृत्तीत ते पान बदलणार म्हणाला. छापणारी बाई म्हणे डोकं धरून बसली आहे, कारण आख्खी मनोवृत्तीच गेली पुस्तकातली. त्याने तुम्हाला फोन केला हेही कळलं. ग्लादिस सांगते, चाळीस मिनिटं बोललात. चाळीस! कशाबद्दल, तर हिवाळ्यात पाणी किती मारायचं याबद्दल. बारा वर्षांत माझ्याशी सगळं मिळून चाळीस मिनिटं झाली नसतील. मत्सर वाटला, सांगून टाकतो.

आणि माझा कागद तुम्ही फळ्यावर लावू दिला नाहीत. ग्लादिसच्या हातून घेतलात, चार घड्या घातल्यात, खिशात. "पोराचा आहे. माझ्याकडे राहील." पुन्हा तेच ना? पुन्हा मला पाठीशी घालणं. या वेळी चालणार नाही, म्हातारबा. ज्या ग्रुपवर पान टाकलं होतं, त्याच ग्रुपवर मी सगळं बोलून टाकलं, स्वतःच्या आवाजात, सात मिनिटं.  मग बेतोने लिहिलं, "पहिला पेला माझ्याकडून, सेन्योर अन्सेल्मो किल्ली घ्यायला येतील तेव्हा." मग अर्ध्या तासाने पुन्हा, "आणि फाबियान, तू आलास की तुझ्या पेल्यात मीठ."

मीठ चालेल.

आता तुमचं पत्र. ते आलं तेव्हा तुल्लिओ म्हणाला, तुझ्या नावाने कुणी सामन्याचा तक्ता पाठवलाय. पाठकोऱ्या बाजूवर तुमचं अक्षर. मी ते शेवटचं कधी पाहिलं होतं? शाळेच्या प्रगतीपुस्तकावरच्या सहीत. सगळं मिळून पाच ओळी. इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलंय:

"फाबियान, पत्र पोचलं. मला माहीत होतं. पाय उचललास, बरं झालं. किल्ली घेतली. तीन नंबरला माती कमी पडते, कमिटी देत नाही, ऑगस्टच्या आत टाकायला हवी."

"बरं झालं" वर माझं बोट किती वेळ होतं ते तुम्हाला सांगणार नाही.

पण शेवटची ओळ मी आणखी जास्त वेळा वाचली. इतकी वर्षं पैसे पाठवले, तुम्ही परत केलेत. आज कळतं का. ते पैसे तुमची नजर चुकवायला पाठवत होतो, आणि तुम्हाला ते दिसत होतं, जसं सगळं दिसतं. आणि आता तुम्ही मला सांगताय, तीन नंबरला माती कमी पडते. मला! तुमच्याकडे काही कमी आहे हे तुम्ही मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलंत.

विटांच्या भट्टीवाल्याकडून बारीक चाळलेली लाल पूड घ्या, मागच्यासारखे खडे नकोत. एक ट्रॉली पुरते, मी हिशेब केलाय. मागच्या रेषेपाशी, डाव्या कोपऱ्यात, थोडी जास्त टाका. कुठे ते तुम्हाला माहीत आहे. डिसेंबरात नाव देतील तेव्हा तुम्ही पाहुण्यांसाठी खुर्चीत बसायचं नाही. तुम्ही आणि मी आधी जाळी ओढायची, काड्याला पाणी मारू द्यायचं. तिकिटाचं तुल्लिओशी बोललोय. तो म्हणाला, "जा, पण परत ये, हात सोन्याचे आहेत." निखाऱ्याचं काही बोलला नाही.

उजवा पाय आता बरा आहे.

ग्लादिसला सांगा, पैसे मिळतील त्याच दिवशी बदलून घे, उद्यावर ठेवू नको, आपल्याकडच्या भावाचा भरवसा नाही. आणि बाबा, या वेळी परत पाठवू नका. मातीचे आहेत. तीनशे चाळीस युरो.